परत चढता येईल अशी होडी

शहापूरच्या त्या गल्लीत सगळ्यांना वाटायचं, बाईंना दमा आहे. ओटीवर भिंतीशी दोन पिवळे सिलिंडर साखळीने बांधून उभे असत, त्यांच्यावर जुन्या लुगड्याची खोळ. मी बाईंच्या घरातल्या भाड्याच्या खोलीत सामान टाकलं नाही तोच समोरची वहिनी हळूच म्हणाली, "बाईंना कदी जास्त झालं तर हाक मार गो. ऑक्सिजन लावाय माझा दीर शिकलेला हाय."

मी आत जाऊन बाईंना विचारलं. बाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ऑक्सिजन नाय तो. हवा आहे. साधी हवा, दाबून भरलेली. ठाण्याहून भरून आणते. म्हणून बेतानं घ्यायची. ठाण्याची हवा जास्त घेऊ नये."

"पण कशासाठी?"

"पाण्याखाली जायला."

गल्लीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. बाईंनी एकेकाला सांगून झालं होतं. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, साठी ओलांडलेली, अंगाने भरलेली, उजवा गुडघा धरून पायऱ्या उतरणारी बाई पाठीला सिलिंडर बांधून पाण्याच्या तळाशी फिरते, यापेक्षा दमा पटायला सोपा. आपल्याकडे बाईच्या आजारावर लोकांचा लगेच विश्वास बसतो. तिच्या मजेवर बसत नाही.

मजा हा शब्द बाईंचाच. स्कूबा डायव्हिंगला कुणी साहस म्हटलं, व्यायाम म्हटलं, तर त्या तिथल्या तिथे खोडायच्या. "मजा म्हण. मजेला दुसरं नाव लावायची गरज नाय."

मला तेव्हा हा शब्द सहन होत नसे. मी तालुक्यातल्या पाड्यांवर पिण्याच्या पाण्यासाठी काम करणाऱ्या एका छोट्या संघटनेत होते. पत्रकं मी लिहायचे. पहिल्या ओळीत आरोप, शेवटच्या ओळीत मागणी, मधे वाचणाऱ्याला दम घ्यायला जागा ठेवायची नाही. धरणं आमच्या उशाशी आणि नळ मुंबईला, हे मी इतक्या वेळा लिहिलंय की हात आपोआप लिहितो. अशा तालुक्यात माझी घरमालकीण होडी विकत घ्यायला निघाली, तीही पाण्यात मजा मारायला. मी गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"बाई, पाड्यावरच्या बायका एका हंड्यासाठी अख्खी टेकडी उतरतात. आणि तुम्ही पाण्यात हुंदडायला होडी घेणार?"

"तुझ्या पत्रकात काय लिहिलंयस? पाण्यावर सगळ्यांचा हक्क."

"पिण्याच्या."

"तसं लिहिलेलं नाय. आण इकडे, दाखवते."

त्यांनी पत्रक मागितलं आणि लाल पेनाने 'सर्व' या शब्दाला गोल केला. माझ्या प्रत्येक पत्रकातल्या 'सर्व'ला त्या गोल करायच्या. "सर्व म्हणजे कोण? नावं घाल. नावं नसली की साहेब वाचून चहा पितो." हे मात्र मी घेतलं. तेव्हापासून आमच्या पत्रकात पाड्यांची नावं आली, बायकांची नावं आली, आणि साहेबांचे चहा निवले. होडीवरचं भांडण मात्र तसंच राहिलं.

बाईंशी भांडणं अवघड होतं, कारण आपला आवाज चढला की त्या मधेच बोट उचलायच्या. "श्वास सोड. रोखून धरलायस. पाण्याखाली श्वास रोखून वर आलीस तर फुप्फुस फाटेल." आपण ओटीवर उभं राहून घरपट्टीबद्दल बोलतोय याचा त्यांना विसर पडलेला असे. एकदा बाजारात भाजीवाली आणि गिऱ्हाईक यांची जुंपली, तेव्हाही बाई मधे घुसल्या आणि दोघींना "सोडा, सोडा, श्वास सोडा" करत सुटल्या. भाजीवाली म्हणाली, "बाय, मी तिची वेणी धरलीय, ती सोडू का श्वास सोडू, ते एक सांगा."

अंगठ्याचंही तसंच. पाण्याखाली बोलता येत नाही, तेव्हा खुणा असतात, आणि अंगठा वर याचा अर्थ 'छान' नव्हे, 'वर चला, संपलं'. बाईंनी हा नियम जमिनीवरही लागू केला होता. निवडणुकीत एक उमेदवार उघड्या जीपमधून आमच्या गल्लीत दोन्ही अंगठे वर करून आला. बाईंनी त्याला ओटीवरून हात जोडले आणि शांतपणे म्हणाल्या, "बरं, जा मग."

या वेडाची सुरुवात शिक्षकांच्या सहलीतून झाली. निवृत्त झाल्यावर सगळे मालवणकडे गेले. बाकीच्यांनी किल्ला बघितला, सोलकढी प्यायले, फोटो काढले. बाईंनी पैसे भरून कुणाचा तरी हात धरून पाण्यात डोकं घातलं आणि वर आल्यावर सहल सोडून दिली. बस त्यांच्याशिवाय परत आली. पुढे त्या रीतसर शिकल्या, परीक्षा दिली, कार्ड मिळवलं. एकट्याने पाण्याखाली जायचं नसतं, जोडीदार लागतो, म्हणून त्यांनी आमच्या नाक्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे मेडिकलवाले काका म्हणतात, त्यांनाही शिकायला लावलं. काका काटकुळे आणि जात्याच भित्रे. गोळीची तारीख चारदा बघणारा माणूस. बाईंना तसाच जोडीदार हवा होता. "धाडसी माणूस खाली नेऊ नये," त्या म्हणायच्या. "धाडसी माणूस काटा बघत नाय. आमचे काका मासा बघत नायत, काटाच बघतात." काटा म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती उरली ते दाखवणारा.

शहापुरात समुद्र नाही, आणि धरणात उतरायचं नाही हे बाईंनी स्वतःच ठरवलेलं होतं. ते पिण्याचं पाणी, तिथे मजा नाही, एवढा विवेक त्यांच्याजवळ माझ्याआधी होता. त्यांची जागा होती मुरबाडकडे, माहेरी. त्यांच्या भावाच्या जमिनीत एक बंद पडलेली दगडखाण आहे. क्रशर चालत होता तोवर आजूबाजूच्या भातावर पांढरी भुकटी बसायची. करार संपला, मशिनं गेली, खड्डा पाण्याने भरला. भाऊ एका वाक्यात सांगायचे, "डोंगर त्यो घेऊन गेला, खड्डा आमाला ठेवला." मी यावर दोन पानी पत्रक लिहिलं, पण त्या वाक्याच्या पुढे जाता आलं नाही.

खाणीचं पाणी दिवाळीनंतर निवळतं, थेट खालचे कातळ दिसतात. तीन बाजूंना उभा कडा. चौथ्या बाजूने पूर्वी डंपर उतरायचे तो उतार, शेवाळाने गुळगुळीत झालेला. त्यावरून सिलिंडर घेऊन उतरणं-चढणं बाईंच्या गुडघ्याला झेपत नसे, म्हणून होडी. भाऊंनी त्यात थोडे मासे सोडलेले. "खाली बघण्यासारखं काय आहे?" असं मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "एक डंपरचा टायर आहे. त्यात एक मरळ राहते. मला ओळखते."

"मासा ओळखतो?"

"पळत नाय म्हणजे ओळखतेच. गल्लीतली माणसं तेवढंही करत नायत."

आता होडीकडे येते, कारण या बाईंचं सगळं होडीत दिसलं.

एका थंडीत बाई आणि काका दक्षिणेकडच्या एका किनाऱ्यावर डायव्हिंगला गेले होते. पाण्याखालचं सगळं उत्तम झालं. वर आल्यावर बाईंना होडीत चढता येईना. होडी उंच, शिडी अरुंद, गुडघा वाकेना. मग वरच्या पोरांनी त्यांना काखेत धरून, पट्ट्याला धरून, जिथे हात पोचेल तिथे धरून आत ओढलं. बाई पालथ्या पडल्या, अंगातला सूट मागून वर सरकला, आणि कुणीतरी हसत म्हणालं, "भाताचा पोता आला रे." होडीच्या मालकाने किनाऱ्यावर उतरताना अगदी गोड आवाजात सांगितलं, "आजी, आता बास. पुढच्या टायमाला वरून फोटो काढायला या."

हे मला काकांनी सांगितलं. बाईंनी कधीच सांगितलं नाही. ऐकून माझं डोकं फिरलं. इतके दिवस मी होडीच्या विरोधात होते, त्या संध्याकाळी मी बाजू बदलली, आणि त्याची मला लाज नाही. ज्या माणसाने पैसे घेतले, कार्ड तपासलं, खाली नेलं, त्याने होडीला साधी धड शिडी लावली नव्हती, आणि बास कुणाला? आजीला. चूक होडीची होती, बाईंची नव्हे. मी बसून पत्रक लिहून काढलं. 'वय हा गुन्हा आहे काय?' असं शीर्षक, खाली दणदणीत मागण्या.

बाईंनी वाचलं. लाल पेन उचललं, पण कुठेच गोल केला नाही.

"चांगलं लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "पण पत्रकावर पाय देऊन होडीत चढता येत नाय. माझं माझं मला चढता येईल अशी होडी बघ. नाय मिळाली तर सिलिंडर विकून टाकीन. ओढून घेतलेली मी परत पाण्यात जाणार नाय."

एवढंच. पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. पण काका त्या दिवशी दुकानात माझ्याशी बोलताना गोळ्यांची पट्टी उगाच उलटीपालटी करत होते. "ती विकेल," म्हणाले. "शब्दाची पक्की आहे. आणि विकली तर मग ती फक्त म्हातारी होईल गं."

होडीची शोधाशोध बाईंनी त्यांच्या वडलांच्या पद्धतीने केली. वडील मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेतून बैल घ्यायचे. तिथे सगळेच बैल शिंगांना रंग लावून, अंगाला तेल लावून उभे असतात, आणि उभा बैल कुठलाही देखणाच दिसतो. वडील विक्रेत्याला सांगायचे, बसव. बैल बसला की बिडी ओढत थांबायचे. मग सांगायचे, उठव. उठताना तो पुढचे पाय कसे रोवतो, एवढंच बघायचे आणि सौदा करायचे किंवा निघायचे. "होडी पाण्यावर चालते कशी, ते काय बघायचं," बाई म्हणायच्या. "चालतात सगळ्याच. पाण्यातला माणूस आत कसा येतो ते बघायचं."

आम्ही होड्या विकणाऱ्या एका दुकानात गेलो. काचेचं दुकान, आत एसी, मधोमध पांढरीशुभ्र होडी, गादी लावलेली. विक्रेता तरुण होता, टायवाला.

"मॅडम, सहा जण आरामात बसतात."

"आत बसलेले सहा नको सांगूस. बाहेर पडलेला एक आत कसा येतो ते सांग."

"मॅडम, बाहेर कोणी पडतच नाही. सेफ्टी फुल आहे."

"आम्ही पडतो," बाई म्हणाल्या. "मुद्दाम."

त्याने माझ्याकडे पाहिलं, ही आजी घरी सांगून आलीय ना, अशा नजरेने. मीही त्याच्याकडे तसंच पाहिलं. बाई तोवर चपला काढून फरशीवर पालथ्या झोपल्या होत्या आणि होडीच्या काठाला हात पोचतो का ते अजमावत होत्या. हात पोचत होता, कोपर पोचत नव्हतं. "कोपर यायला हवं," त्या खालून म्हणाल्या. "नुसत्या हाताने लोंबकळता येतं, वर येता येत नाय." मग उठून त्यांनी आसनाशेजारची खाच दाखवली. "हे काय?"

"ग्लास ठेवायला, मॅडम."

"ग्लास ठेवायची सोय आहे. माणूस परत ठेवायची नाय."

रबरी, हवा भरायची होडी त्यांना मनापासून आवडली होती. काठ बुटका, मऊ, पोटावर सरकत आत जाता येतं, डायव्हिंगवाले तीच वापरतात. पण काका पहिल्यांदाच ठामपणे बोलले. "फोडलेल्या दगडाची खाण, वरून बाभळीच्या काट्यांची वाट. तिथे फुगा घेऊन कोण जातं?" बाईंनी ऐकलं. भित्र्या माणसाचं ऐकायचं हा त्यांचा नियमच होता.

शेवटी फायबरची एक छोटी, अरुंद, मागे लोखंडी शिडी असलेली होडी चाचणीसाठी टेम्पोतून खाणीवर आली. टायवालाही आला. भाऊंनी नव्या भाताची पोती तयार ठेवलेली. वजनाला दुसरं काय वापरणार? माणसांइतकी पोती आत भरली, मग सगळी एका काठाला रचली. होडी कलली, पण तग धरून राहिली. भाऊ खूश झाले. "बग बाय, एकदम मजबूत. घे."

"अजून उठवून बघितली नाय," बाई म्हणाल्या आणि काकांबरोबर पाण्यात गेल्या.

होडीत भाऊ, मी, टायवाला आणि समतोलासाठी ठेवलेलं एक पोतं. बुडबुडे टायरच्या दिशेला गेले, फिरले, परत आले. बाई मागच्या बाजूला वर आल्या. शिडीवर पाय ठेवला. शिडी वरून लोंबकळत होती. वजन पडताच ती होडीच्या पोटाखाली पळाली, बाईंचा गुडघा काठावर आपटला आणि त्यांच्या तोंडून हुंकार निघाला.

तो हुंकार ऐकला आणि आम्ही तिघंही उठलो. भाऊंनी हात पुढे केला, मी त्यांच्या खांद्यावरून वाकले, टायवाला माझ्या मागून. सगळे एकाच कोपऱ्यात. पुढचं सांगायला नको. मला आठवतं ते एवढंच की मी पाण्यात होते आणि माझ्या गळ्यात कुणाचा तरी टाय होता. बाईंनी सगळ्यांना जॅकेट घालायला लावलं होतं म्हणून बरं, कारण त्या होडी विकणाऱ्याला पोहता येत नव्हतं. काका त्याला कॉलरला धरून उताराकडे नेत होते आणि सवयीने विचारत होते, "कुठली गोळी चालू आहे का तुम्हाला?" पोतं तळाला गेलं ते गेलंच. पुढच्या खेपेला बाईंनी शोधलं तेव्हा भात फुगून ते उसवलं होतं. मरळ नाही, पण बाकीचे मासे त्या साली चांगले पोसले.

उतारावर ओलेचिंब बसून भाऊ तणतणत होते. "होडीच भिकार."

"होडीने पोती सांभाळली," बाई म्हणाल्या. त्या दगडावर बसून गुडघा चोळत होत्या. "पोती मदतीला धावत नायत. तुमी धावता."

"मग काय बसून बगू? बाय पाण्यात पडलीय नि मी बसू?"

"तेच सांगतेय. दोष तुमचा आहे. पण तो काय जायचा नाय, म्हणून होडी बदलायला हवी."

हे वाक्य मी घरी येऊन लिहून ठेवलं. आमच्या चळवळीत पुस्तकं वाचून मोठी झालेली माणसं आहेत, पण माणूस जसा आहे तसा धरून त्याच्या मापाची वस्तू शोधायची, हे कुणाच्या भाषणात मी ऐकलं नव्हतं. आम्ही माणसं बदलायला निघतो आणि होडी तीच ठेवतो.

त्यानंतर बरेच दिवस काही मिळालं नाही. बाई दुकानांची नावं काढेनात. सिलिंडरवरची खोळ धुऊन वाळत टाकली, पण परत घातली नाही. समोरच्या वहिनीला वाटलं, दमा बरा झाला.

होडी सापडली ती मला, आणि ती मी शोधत नव्हते. कल्याणच्या बाजूला एका तलावाच्या घाणीवरून निदर्शनं होती. आम्ही घोषणा देत होतो आणि समोर तलावात माणसं जलपर्णी काढत होती. मी घोषणा देता देता थांबले. चौकोनी, सपाट, परातीसारखी दिसणारी होडी. ना टोक ना डौल. चार माणसं एकाच काठाला उभी, वाकून, पाण्याने जड झालेले जलपर्णीचे भारे आत ओढत होती. मी तिथूनच फोन लावला.

"चौघंही एकाच काठाला?" बाईंनी विचारलं.

"हो."

"वाकून?"

"वाकून, बाई. ओढतायत."

"आणि होडी?"

"जागच्या जागी."

"काठ किती वर आहे पाण्याच्या?"

"वीतभर. भारा उचलावा लागत नाही, सरकवतात नुसता."

मग म्हणाल्या, "त्यांचं काम संपलं की होडी कुठे जाते ते विचार. मी काकांना घेऊन येते." मागून काकांचा आवाज आला, दुकान उघडं आहे, म्हणून. "बंद करा," बाई म्हणाल्या. "आज कुणी आजारी पडणार नाय."

ठेकेदाराकडे अशीच एक होडी पालथी पडून होती. देताना त्याने पुन्हा पुन्हा विचारलं, "मॅडम, तुमचा कुठला तलाव साफ करायचाय?" बाईंनी तिला रंग दिला नाही, नाव दिलं नाही. टेम्पोतून गल्लीत आली तेव्हा वहिनी म्हणाली, "ही हो कसली होडी, ही तर परात." बाई म्हणाल्या, "कणीक परातीतच नीट मळली जाते."

तरीही त्यांनी आम्हाला सोडलं नाही. होडी आपल्याला सांभाळेल, पण हात पुढे आला की मी तो धरणार, आणि मग ती माझी चढाई राहणार नाय, असं त्यांचं म्हणणं. म्हणून शिकवणी सुरू झाली. माहेरच्या अंगणात त्या मला आणि भाऊंना खाटेवर बसवायच्या आणि समोर हातातलं ताट पाडायच्या. उठायचं नाही. काठी पाडायच्या, कण्हायच्या, "अगं आई" म्हणायच्या. उठायचं नाही. मी चार पत्रकांची शपथ घेऊन बसायचे. भाऊ दर वेळी अर्धे उठायचे. "बाय, ह्या वयात नको गो ह्ये शिकवू. आईनं एकच शिकवलं, म्हातारं माणूस दिसलं की उठ."

"मी म्हातारं माणूस नाय. मी डायव्हर आहे."

"डायवर गाडीवर असतो," भाऊ पुटपुटले, पण बसले.

मी आता शहापुरात राहत नाही, काम दुसऱ्या तालुक्यात गेलं. बाईंबद्दल कुणी विचारलं की लोकांना अपेक्षा असते, जिद्दीची, वयावर मात केल्याची गोष्ट मी सांगावी. असल्या गोष्टींचा मला राग येतो. बाईंनी वयावर मात केली नाही. गुडघा होता तसाच होता. त्यांनी फक्त उंच काठाची होडी नाकारली, जे आपण कुणीच करत नाही. आपण उंच काठाची बस चालवून घेतो, उंच पायरीचा दवाखाना चालवून घेतो, आणि चढता आलं नाही की आपल्यालाच म्हणतो, आता बास.

तो दिवस संक्रांतीच्या आसपासचा. पाणी निवळ. होडीत भाऊ आणि मी, पुढच्या काठाला पाठ लावून. बाई आणि काका खाली होते. मग बुडबुडे जवळ आले आणि मागच्या काठाशी बाईंचं डोकं वर आलं. काका त्यांच्या मागे पाण्यातच थांबले, ठरल्याप्रमाणे, हात आखडून.

बाईंनी आधी कमरेचा वजनाचा पट्टा सोडून आत टाकला. फळीवर तो धप्पकन वाजला. मग पाठीवरचं जॅकेट सिलिंडरसकट काढलं आणि काठाच्या दोरीला अडकवलं. पायातले फिन, ते रबरी पंख, मात्र तसेच राहू दिले. त्यांचाच जोर लागणार होता. दोन्ही तळवे काठावर ठेवून त्या पाण्यात थोड्या खाली गेल्या आणि पाय मारत वर आल्या. एक कोपर आत आलं. दुसरं घसरलं. त्या परत पाण्यात गेल्या.

भाऊंचा श्वास माझ्या कानाशी वाजत होता. मी त्यांचं मनगट धरलं. खरं म्हणजे त्यांना धरलं की स्वतःला, ते सांगता येणार नाही. पाण्यातून काका म्हणाले, "घाई नको. हवा आहे." हवा म्हणजे सिलिंडरमधली, जी आता कुणाला लागणार नव्हती. ते काटा बघत होते.

बाई काठाला धरून तशाच थांबल्या. आमच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. रागाने नाही. परीक्षेत मास्तरीण वर्गावर नजर टाकते तशी. मग पुन्हा खाली गेल्या आणि पाय मारले, पाणी फेसाळलं, एक कोपर आलं, दुसरं आलं, छाती काठावर आली. तिथे त्या अडकल्या. ना वर, ना खाली. तोंड लाल, गळ्याची शीर वर आलेली. भाऊ हुंदका दिल्यासारखे म्हणाले, "बाय." मी त्यांचं मनगट आणखी दाबलं. मला आयुष्यात एवढं कठीण काम कुणी दिलेलं नव्हतं. पोलिसांनी उचललं तेव्हासुद्धा निदान ओरडता येत होतं.

फिन पुन्हा पाण्यावर आपटले. बाईंचं पोट फळीवर आलं, मग कंबर, मग सगळी बाई एका बाजूने लोळून होडीत आली आणि पालथी पडली. त्यांचा गाल ओल्या फळीला लागलेला, केसांतून पाणी निथळत होतं. सूट मागून वर सरकला होता. त्यांनी स्वतःच हात मागे नेऊन तो नीट केला.

आम्ही बसलेलेच. काका पाण्यात, तोंड उघडं.

बराच वेळ बाई नुसत्या पडून राहिल्या. मग डोळे न उघडता म्हणाल्या, "आता द्या हात. गुडघा धरलाय."

भाऊ आणि मी एकदमच उठलो, एकाच काठाला धावलो. होडी जागची हलली नाही.